स्नोमोबाइलमध्ये वेगवेगळी इंजिन ऑइल मिसळावीत का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्फ पडायला लागलं की अल्बर्टा, ओंटारिओ, मिनेसोटा, मिशिगन इथल्या मराठी मंडळींकडून स्नोमोबाइलबद्दल (बर्फावर धावणारी गाडी, पुढे तिलाच स्लेड म्हटलं आहे) हे प्रश्न येऊ लागतात. त्यातले पुन्हापुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आधी थोडक्यात सांगा: दोन कंपन्यांचं ऑइल एकत्र केलं तर चालतं का?

एकाच जातीचं असेल तर चालतं. जात वेगळी असेल तर नाही. कंपनी कोणती, डबा कोणत्या रंगाचा, ऑइल लाल की निळं, याने काही ठरत नाही. रंग म्हणजे नुसता डाय.

जात तीन गोष्टींवरून ठरते. ऑइल टू-स्ट्रोकचं आहे की फोर-स्ट्रोकचं? टू-स्ट्रोकचं असेल तर हवेवर थंड होणाऱ्या किंवा जास्त आरपीएमच्या इंजिनांसाठीचं आहे, की बोटीच्या इंजिनाचं? आणि उणे ३० अंशांत ते वाहतं का? तिन्हींची उत्तरं जुळली तर वाटेत एखादा लीटर दुसऱ्या कंपनीचं टाकल्याने इंजिनाला काही होत नाही. एकही जुळलं नाही तर टाकू नका. नेहमीच्या वापरात मात्र एकच ऑइल ठेवा. त्याची कारणं प्रश्न १२ मध्ये आहेत.

२. माझं इंजिन टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक, हे कसं ओळखू?

बॉनेट उघडा. ऑइलच्या टाकीला नुसतं झाकण असेल, डिपस्टिक नसेल आणि बाजूने पातळी दिसत असेल, तर टू-स्ट्रोक. डिपस्टिक आणि ऑइल फिल्टर असेल तर फोर-स्ट्रोक. नावावरूनही कळतं. स्की-डू आणि लिंक्समधली रोटॅक्स ६००आर ई-टेक आणि ८५० ई-टेक, पोलॅरिसची ६५० आणि ८५० पॅट्रियट, आर्क्टिक कॅटची सी-टेक२ ही सगळी टू-स्ट्रोक. रोटॅक्स ९०० एस, यामाहाचं १०४९ सीसीचं जेनेसिस आणि ९९८ सीसीचं टर्बो ही फोर-स्ट्रोक.

हा फरक आधी नीट समजून घ्या, कारण पुढची बहुतेक उत्तरं त्यावरच अवलंबून आहेत. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल एकदाच वापरलं जातं. पंप ते थोडं थोडं इंजिनात सोडतो आणि ते पेट्रोलबरोबर जळून बाहेर जातं. चुकीचं मिश्रण टाकीतून संपलं की विषय संपतो, पण तोवर जे बिघडायचं ते झटकन बिघडतं. फोर-स्ट्रोकमध्ये तेच ऑइल पूर्ण सीझन फिरत राहतं. तिथे नुकसान सावकाश होतं, पण मिश्रण आपोआप बाहेर पडत नाही.

३. टू-स्ट्रोक ऑइलच्या डब्यावर नेमकं काय वाचायचं?

पहिलं, जासो. जपानी मानक. एफए, एफबी, एफसी, एफडी अशा चढत्या पायऱ्या आहेत. एफसीला धूर कमी, एफडीला धूर कमी आणि इंजिन स्वच्छ ठेवण्याची ताकद जास्त. आयएसओच्या ईजीबी, ईजीसी, ईजीडी या साधारण त्याच धर्तीच्या पायऱ्या. आजच्या स्लेडला एफसीच्या खाली जाऊ नका. मिळत असेल तर एफडीच घ्या.

दुसरं, एपीआय टीसी. हे हवेवर थंड होणाऱ्या, जोरात चालणाऱ्या इंजिनांसाठीचं अमेरिकी पेट्रोलियम संस्थेचं (एपीआय) जुनं वर्गीकरण. नुसतं एवढंच लिहिलं असेल तर ते किमान पात्रता समजा.

तिसरं, टीसी-डब्ल्यू३. हे बोटीचं ऑइल. प्रश्न ६ पाहा.

चौथं, थंडीतली श्रेणी. याकडे फार कमी लोक बघतात आणि आमच्या मते स्लेडसाठी तीच सर्वांत महत्त्वाची. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे१५३६ मानकात ऑइल थंडीत किती वाहतं आणि पेट्रोलमध्ये किती मिसळतं याच्या चार श्रेणी आहेत: १ म्हणजे ० अंश, २ म्हणजे उणे १०, ३ म्हणजे उणे २५, ४ म्हणजे उणे ४०. विनिपेगला किंवा उत्तर मिनेसोटात श्रेणी २ चं ऑइल घेऊन निघणं म्हणजे संकटाला आमंत्रण.

स्लेड बनवणाऱ्या कंपन्यांच्या काही ऑइलवर यातला एकही शिक्का नसतो. तिथे मॅन्युअलमध्ये दिलेलं ऑइलचं नाव हाच शिक्का.

४. आपल्याकडे चेतक, लूना, रिक्षात पंपावरचं कुठलंही टू-टी ऑइल चालायचं. इथेच एवढं सोवळं कशाला?

चेतकचं इंजिन दीडशे सीसीच्याही आतलं, पाच-साडेपाच हजार आरपीएमवर जेमतेम सात-आठ अश्वशक्ती देणारं. मापट्याने ऑइल ओतायचं, गाडी दोनदा हलवायची, किक मारायची. ऑइल जरा कमी-जास्त झालं तर धूर यायचा किंवा प्लग काळा पडायचा. प्लग काढून पॉलिश पेपरने घासला की गाडी पुन्हा चालू.

स्लेडचं ८५० सीसीचं इंजिन आठ हजार आरपीएमच्या आसपास दीडशेहून जास्त अश्वशक्ती देतं आणि तळ्यावरच्या सरळ पट्ट्यात ते मिनिटभर पूर्ण थ्रॉटलवर असतं. शिवाय चेतकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच असायचं. इथे ते वेगळ्या टाकीतून, जाळीतून, बारीक नळ्यांतून, पंपाने मोजून येतं. ऑइल घट्ट झालं तर पंप तेवढं उचलूच शकत नाही. पेट्रोल मात्र येतच राहतं आणि इंजिन कोरडं पळतं. पुण्या-मुंबईच्या हवेत ही वेळ येतच नव्हती.

५. सिंथेटिक आणि मिनरल ऑइल मिसळलं तर?

एकाच जातीची असतील तर मिसळतात. सेमी-सिंथेटिक म्हणून जे विकलं जातं ते कारखान्यात केलेलं असंच मिश्रण असतं. प्रश्न थंडीचा आहे. मिनरल ऑइलमध्ये मेणासारखा अंश असतो आणि कडक थंडीत तो गोठायला लागतो. टाकीत दोन लीटर सिंथेटिक असताना एक लीटर मिनरल टाकलं, तर मिश्रण किती थंडीपर्यंत वाहील हे सरासरी काढून सांगता येत नाही. तिसरा हिस्सा मिनरल असला तरी उणे ३० ला फरक पडू शकतो. उणे ५-१० मध्ये घरी परतायचं असेल तर चिंता नाही. रात्रभर बाहेर स्लेड ठेवून सकाळी उणे ३५ ला सुरू करायचं असेल, तर आधी ती टाकी रिकामी करा.

पॉवर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टच्या तोंडाशी बसणारी पट्टी, प्रश्न १२ पाहा) असलेल्या आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात मिनरल वापरूच नये. ई-टेकसारखी इंजिनं ऑइल फारच कमी खातात. जेवढं मिळतं तेवढ्याने पूर्ण काम व्हावं लागतं.

६. वॉलमार्टात बोटीचं टीसी-डब्ल्यू३ ऑइल निम्म्या किमतीत मिळतं. त्यावरही टू-स्ट्रोकच लिहिलंय. ते का नको?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि सर्वांत जास्त इंजिनं इथेच बिघडतात.

बोटीचं आउटबोर्ड इंजिन तळ्याच्या किंवा समुद्राच्या गार पाण्यावर थंड होतं आणि तासन् तास एकाच वेगाने चालतं. त्याच्या ऑइलमध्ये धातूयुक्त डिटर्जंट घालत नाहीत, कारण त्यांची राख पिस्टनवर आणि प्लगवर साचून आग वेळेआधी पेटते. म्हणून टीसी-डब्ल्यू३ राखरहित असतं. स्लेडच्या इंजिनात पिस्टन आणि एक्झॉस्टचा भाग जास्त तापतो. तिथे रिंगच्या खाचा आणि पॉवर व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवायला तेच डिटर्जंट थोड्या प्रमाणात लागतात. नुसतं टीसी-डब्ल्यू३ वापरलं की रिंग खाचेत चिकटतात, कॉम्प्रेशन पडतं, पिस्टनवर ओरखडे येतात.

मिसळलं तर दुसरीच भानगड. राखरहित ऑइलमधली रसायनं आणि स्लेडच्या ऑइलमधली कॅल्शियमसारख्या धातूंची डिटर्जंट यांच्या काही जोड्या एकमेकांशी जमत नाहीत. त्यात थोडं पाणी गेलं आणि थंडी पडली की जेलीसारख्या गुठळ्या होतात. त्या टाकीच्या तळाच्या जाळीवर बसतात आणि ऑइल अडतं. प्रत्येक जोडी अशी वागते असं नाही. पण कोणती वागेल हे डब्यावर लिहिलेलं नसतं.

अपवाद एकच: जुन्या स्लेडच्या मॅन्युअलमध्ये टीसी-डब्ल्यू३ चालेल असं स्पष्ट लिहिलं असेल तर वापरा. तेव्हाही दुसऱ्या जातीत मिसळू नका.

७. रेसिंगवाले एरंडेल तेलाचं ऑइल वापरतात म्हणे. थोडं आपल्या ऑइलमध्ये घालू का?

नका घालू. एरंडेल प्रचंड उष्णतेतही धातूला धरून राहतं, म्हणून रेसिंगमध्ये त्याला मान आहे. जगात सर्वांत जास्त एरंडी भारतात पिकते, त्यातली बहुतेक गुजरातेत, त्यामुळे आपल्या लोकांना त्याचं विशेष कौतुक वाटतं. पण साधं एरंडेल पेट्रोलियमच्या ऑइलमध्ये नीट विरघळत नाही. टाकीत थर वेगळे होतात. थंडीत ते मधासारखं घट्ट होतं आणि पेट्रोलमधूनही खाली बसतं. वर पिस्टनवर आणि पॉवर व्हॉल्व्हवर चिकट लाखेसारखा थर धरतो. प्रक्रिया केलेली, सिंथेटिकमध्ये मिसळलेली रेसिंग ऑइल मिळतात, पण तीही रेस संपली की इंजिन उघडून साफ करणाऱ्यांसाठी. टाकीत आधी एरंडेल असेल तर ती पूर्ण रिकामी करूनच दुसरं भरा. कृती प्रश्न ११ मध्ये आहे.

८. ट्रेलवर ऑइलचा दिवा लागला. पंपावर माझ्या कंपनीचं ऑइल नाही. आता?

पंपावर स्नोमोबाइलचं असं लिहिलेलं कुठलंही टू-स्ट्रोक इंजेक्शन ऑइल असेल तर घ्या. दोन असतील तर फुल सिंथेटिक घ्या. तेही नसेल तर जासो एफडी किंवा एफसीचं, इंजेक्टरसाठी योग्य असं लिहिलेलं घ्या. टाकी काठोकाठ भरू नका. घरी पोचण्यापुरतं, अर्धा ते एक लीटर टाका. उरलेल्या प्रवासात पूर्ण थ्रॉटल टाळा. घरी गेल्यावर टाकी दिव्यापर्यंत खाली येऊ द्या आणि मग आपलं ऑइल भरा.

पंपावर फक्त टीसी-डब्ल्यू३ असेल तर? ऑइलशिवाय चालवण्यापेक्षा ते बरं, एवढंच म्हणता येईल. पर्याय नसेल, जवळ फोनला रेंज नसेल, अंधार पडत असेल तर पाव लीटर टाका, सावकाश घरी या आणि त्याच दिवशी टाकी, जाळी साफ करा. मदत बोलावता येत असेल तर ओढून आणणं जास्त शहाणपणाचं.

भरताना एक काळजी घ्या. झाकणाभोवतीचं बर्फ पुसूनच ते उघडा. चमचाभर बर्फ आत गेलं की त्याचं पाणी तळाशी जातं आणि नेमकं बाहेर जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी गोठतं. सीटच्या मागच्या पिशवीत आपल्या ऑइलचा एक लीटरचा डबा ठेवला की हा प्रश्नच येत नाही.

९. ऑइलचा दिवा लागला नाही म्हणजे इंजिनाला ऑइल मिळतंय, बरोबर ना?

चूक. टू-स्ट्रोक स्लेडमध्ये हा दिवा टाकीतली पातळी सांगतो. नळीतून ऑइल वाहतंय की नाही हे त्याला कळत नाही. जाळी बंद झाली, नळीत एअर धरली, ऑइल थिजलं, तरी टाकी भरलेली असल्याने दिवा बंदच राहतो. म्हणूनच चुकीच्या मिश्रणाची सूचना आधी मिळत नाही.

चालवताना ओळखायच्या खुणा अशा: एकाएकी ताकद कमी होणं, थ्रॉटल तेवढाच असून वेग पडणं, तापमान चढणं, चिर्र असा कोरडा आवाज. यातलं काही जाणवलं की थ्रॉटल सोडून लगेच इंजिन बंद करणारं लाल बटण दाबा. 'पुढच्या वळणापर्यंत जाऊ' म्हणणाऱ्यांचा पिस्टन बसतो.

१०. दोन ऑइल जमतात का हे घरी तपासता येतं का?

बऱ्याच अंशी येतं. काचेच्या तीन स्वच्छ, कोरड्या बरण्या घ्या. पहिलीत १०० मिली जुनं ऑइल, दुसरीत १०० मिली नवं, तिसरीत दोन्ही ५०-५० मिली. तिसरी चांगली ढवळा. झाकणं लावून तिन्ही दोन दिवस बाहेर शेडमध्ये थंडीत ठेवा. घरच्या फ्रीझरमध्ये साधारण उणे १८ असतं, त्यामुळे बाहेर उणे ३० असेल तर बाहेरचीच परीक्षा खरी.

मग बरण्या तिरप्या करून बघा. तिसरीत थर दिसले, तार सुटली, गुठळी किंवा तळाशी गाळ दिसला, किंवा ती पहिल्या दोन्हींपेक्षा स्पष्टपणे हळू वाहू लागली, तर ही जोडी बाद. तिसरी नुसती धुरकट दिसत असेल तर आधी पहिल्या दोन बघा. त्यातली एक तशीच धुरकट असेल तर तो मेणाचा अंश आहे, मिसळण्याचा दोष नाही.

या परीक्षेतून थंडीतली वागणूक कळते. इंजिनाच्या उष्णतेत किती कार्बन साचेल ते कळत नाही. म्हणजे बरणीत पास झालेलं टीसी-डब्ल्यू३ स्लेडला योग्य ठरत नाही. आणि पेट्रोल घातलेलं मिश्रण घरातल्या फ्रीझरमध्ये कदापि ठेवू नका. वाफ पेट घेते.

११. ऑइल कायमचं बदलायचं आहे. पद्धत काय?

दोन्ही स्लेडसाठीची, एकाच दर्जाची ऑइल असतील तर विशेष काही करावं लागत नाही. टाकी दिव्यापर्यंत खाली येऊ द्या आणि नवं भरा. थोडं जुनं उरेल ते एक-दोन भरण्यांत निघून जातं.

टीसी-डब्ल्यू३, एरंडेल, मिनरल किंवा टाकीत काय आहे हेच माहीत नसलेली सेकंडहँड स्लेड असेल तर पूर्ण रिकामी करा:

१. हाताने चालणाऱ्या सक्शन पंपाने टाकीतलं ऑइल काढा. ८५० ई-टेकसारख्या स्लेडची टाकी साडेतीन लीटरच्या आत-बाहेर असते, तेवढा रिकामा डबा जवळ ठेवा.
२. टाकीच्या तळाची नळी काढून उरलेलं निथळू द्या. जाळी किंवा छोटा फिल्टर काढून बघा. गुठळी असेल तर फिल्टर नवा घाला.
३. टाकी धुवायला नवं ऑइलच वापरा, पाव लीटर पुरतं. केरोसीन, पेट्रोल, ब्रेक क्लीनर नको. रबराला आणि राहिलेल्या थेंबांतून पिस्टनला त्रास.
४. नळी जोडा, नवं ऑइल भरा, एअर काढा.

एअर काढणं हा यातला नाजूक भाग. केबलवर चालणाऱ्या पंपाला छोटा स्क्रू असतो. तो सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू द्या, मग घट्ट करा. त्यानंतर पंपापासून सिलिंडरकडे जाणाऱ्या बारीक नळ्या भरायच्या. त्यासाठी मॅन्युअलप्रमाणे पेट्रोलमध्ये ५०:१ (५० भाग पेट्रोलला १ भाग) ऑइल घालून, इंजिन आयडलवर ठेवून पंपाचा लिव्हर पूर्ण उघडा धरा आणि नळ्यांतले बुडबुडे संपेपर्यंत थांबा. इलेक्ट्रॉनिक पंपाच्या स्लेडमध्ये हे बहुधा डीलरच्या कॉम्प्युटरवरून करावं लागतं. तिथे घरगुती प्रयोग नको, आणि मॅन्युअल सांगत नसेल तर पेट्रोलमध्येही ऑइल घालू नका.

१२. मिसळून काही झालं नाही, असं कितीतरी जण सांगतात. मग एकाच ऑइलचा आग्रह का?

ते खरंच सांगतात. बहुतेक वेळा काही होत नाही. पण प्रत्येक ऑइलमध्ये डिटर्जंट, डिस्पर्संट (मळ तरंगत ठेवणारं रसायन) आणि पातळ करणारं सॉल्व्हंट यांचं प्रमाण एकमेकांना धरून ठरवलेलं असतं. दर भरणीला दुसरं ऑइल म्हणजे दर भरणीला कुणीच न तपासलेला नुस्खा.

परिणाम दिसतो तो मुख्यतः पॉवर व्हॉल्व्हवर. एक्झॉस्टच्या तोंडाशी बसलेली ही पट्टी चिकटली की एक तर खालच्या आरपीएमला गाडी मरगळते, नाहीतर वर ओढत नाही. दर सीझनला व्हॉल्व्ह काढून साफ करा. काळा, कोरडा, पातळ थर असेल तर ठीक. जाड, चिकट, डांबरासारखा असेल तर ऑइल बदला. एकच ऑइल वापरत असाल तर दोष कुठे आहे हे कळतं. चार मिसळली असतील तर कोणाला धरणार?

१३. फोर-स्ट्रोक स्लेडमध्ये टॉप-अपला दुसऱ्या कंपनीचं ऑइल चालेल?

चालेल, आणि इथे आम्ही टू-स्ट्रोकपेक्षा निश्चिंतपणे सांगतो. एपीआयचा परवाना असलेली फोर-स्ट्रोक इंजिन ऑइल एकमेकांत मिसळायलाच हवीत अशी अट असते आणि तशी चाचणी घेतली जाते. त्यामुळे जेली, थर वगैरे होत नाही. ग्रेड मात्र मॅन्युअलमधलाच ठेवा. बहुतेक ठिकाणी तो ०डब्ल्यू-४० किंवा ०डब्ल्यू-३० असतो (पहिला आकडा थंडीतला, दुसरा गरम इंजिनातला घट्टपणा सांगतो). अर्धा लीटरपर्यंत टॉप-अप करून सीझन काढता येतो. त्याहून जास्त लागत असेल तर ऑइल जातंय कुठे ते आधी शोधा.

पातळी तपासण्यात मात्र बरेच जण चुकतात. यातली बरीच इंजिनं ड्राय संपची, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणारी आहेत. इंजिन थंड असताना टाकीतलं ऑइल खाली उतरून डिपस्टिकवर कमी दिसू शकतं. लोक घाबरून लीटरभर ओततात आणि मग एअरबॉक्समध्ये ऑइल येतं. मॅन्युअलमध्ये सांगितलं आहे तेवढं इंजिन गरम करून, बंद करून, दिलेल्या वेळेतच बघा.

१४. ०डब्ल्यू-४० मध्ये गाडीचं ५डब्ल्यू-३० घातलं तर एवढं काय बिघडणार?

एसएईच्या मानकानुसार ०डब्ल्यू ऑइलची पंपाने उचलण्याची चाचणी उणे ४० ला होते, ५डब्ल्यूची उणे ३५ ला आणि १०डब्ल्यूची उणे ३० ला. मिश्रण ०डब्ल्यूच्या कसोटीला उतरेल याची हमी कुणी देत नाही. उणे १५ च्या सकाळी काही कळणारही नाही. उणे ३५ ला मात्र स्टार्टर जड होतो आणि सुरुवातीचे काही सेकंद वरच्या भागांना ऑइल उशिरा पोचतं. झीज त्या काही सेकंदांत होते. टर्बो इंजिन असेल तर ४० च्या जागी ३० झाल्याने गरम बाजूलाही ऑइलचा थर पातळ होतो. वाटेत नाइलाज म्हणून अर्धा लीटर ठीक, पण ऑइल पुढच्या सर्व्हिसची वाट न बघता बदला.

१५. मोटरसायकलचं जासो एमए ऑइल फोर-स्ट्रोक स्लेडमध्ये लागतं का?

क्लचसाठी लागत नाही. मोटरसायकलचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून घसरू नये यासाठी एमए. स्लेडचा क्लच कोरडा, पट्ट्यावर चालणारा. एमए वापरून नुकसान नाही, पण ही ऑइल सहसा १०डब्ल्यूची असतात आणि तीच खरी अडचण. प्रश्न १४ पाहा.

१६. झाकणाखाली पांढरट साय दिसते आणि पातळीही वाढली आहे. दोन ऑइल मिसळल्यामुळे का?

नाही. थंडीत छोट्या छोट्या फेऱ्या मारल्या की इंजिन पुरेसं तापत नाही. जळणातून तयार झालेलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. साय पाण्याची, वाढलेली पातळी पेट्रोलची. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर फिल्टरसकट बदला आणि पुढे प्रत्येक वेळी निदान अर्धा तास नीट चालवा. कूलंटही कमी होत असेल तर प्रकरण वेगळं आहे. बहुधा गॅस्केट गेलं आहे, स्लेड चालवू नका.

१७. चुकून टू-स्ट्रोकच्या टाकीत फोर-स्ट्रोकचं ऑइल टाकलं. आणि उलट झालं तर?

टू-स्ट्रोकमध्ये फोर-स्ट्रोकचं: इंजिन सुरू करू नका. किल्ली काढून ठेवा म्हणजे घरातलं दुसरं कुणी सुरू करणार नाही. हे ऑइल जळण्यासाठी बनलेलंच नाही. त्यात पातळ करणारं सॉल्व्हंट नसतं आणि जस्त, कॅल्शियमची राख खूप उरते. सुरू केलंच नसेल तर टाकी आणि नळी रिकामी करून भागतं. चालवलं असेल तर प्रश्न ११ ची पूर्ण कृती, वर नवे प्लग आणि पॉवर व्हॉल्व्हची सफाई.

फोर-स्ट्रोकमध्ये टू-स्ट्रोकचं: ते पातळ असतं, कॅम आणि बेअरिंगला लागणारी झिजेविरुद्धची रसायनं त्यात नसतात. पाव लीटर गेलं असेल तरी आमचा सल्ला ऑइल आणि फिल्टर बदलण्याचाच. टू-स्ट्रोकच्या मानाने घाई कमी, पण ट्रेलवर जाण्याआधी.

१८. ऑइलच्या टाकीत विंडशील्ड वॉशर किंवा कूलंट गेलं, तर ऑइल टाकून पातळ करता येईल का?

नाही. ही द्रव्यं जड, ती तळाशी बसतात आणि पंप पहिल्यांदा तीच उचलतो. कितीही ऑइल वर ओतलं तरी फरक पडत नाही. सुरू न करता प्रश्न ११ ची कृती, आणि पंपही काढून बघावा लागतो. गराजमध्ये एकसारखे दिसणारे डबे शेजारी ठेवू नका.

१९. १९७० च्या दशकातली जुनी स्लेड आहे, पेट्रोलमध्येच ऑइल घालायचं. ४०:१ च्या पेट्रोलमध्ये ५०:१ चं ओतलं तर?

हिशेब करा. १० लीटरला ४०:१ ने २५० मिली ऑइल, १० लीटरला ५०:१ ने २०० मिली. एकत्र २० लीटरला ४५० मिली, म्हणजे साधारण ४४:१. मॅन्युअल ५०:१ म्हणत असेल तर चालेल, ४०:१ म्हणत असेल तर ५० मिली आणखी घाला. अमेरिकी गॅलनला ४०:१ ने साधारण ९५ मिली, ५०:१ ने ७६ मिली.

ऑइल जास्त म्हणजे संरक्षण जास्त, असं मात्र नाही. कार्बोरेटरच्या जेटमधून ठरावीक द्रव जातं. त्यात ऑइल वाढलं की पेट्रोल घटतं, मिश्रण लीन होतं आणि इंजिन तापतं.

थंडीत मिसळताना ऑइलचा डबा आधी घरात उबदार करून घ्या. कॅनमध्ये निम्मं पेट्रोल, मग ऑइल, झाकण लावून चांगलं हलवा, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवा. स्लेडच्या टाकीत थेट ऑइल ओतलं तर ते तळाशी बसून राहतं. पेट्रोल ई१० पर्यंत (१० टक्के इथेनॉल) चालेल. ई१५ स्नोमोबाइलमध्ये वापरायला अमेरिकेत परवानगी नाही, पंपावरचं लेबल वाचा.

२०. चेनकेसमध्ये उरलेलं इंजिन ऑइल टाकू का?

नको. चेनकेस म्हणजे ट्रॅक फिरवणाऱ्या साखळीची पेटी. तिला स्वतःचं सिंथेटिक गिअर ऑइल लागतं. साखळी आणि गिअरच्या दाबाला इंजिन ऑइल टिकत नाही. चेनकेसमध्ये दोन कंपन्यांची चेनकेस ऑइल मिसळायला हरकत नाही, पण तिथे बसतंच एवढं थोडं की सरळ बदलणं सोपं.

२१. दुसऱ्या कंपनीचं ऑइल वापरलं तर वॉरंटी जाते का?

अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. ऑइल फुकट देत असल्याशिवाय किंवा सरकारकडून खास सूट घेतल्याशिवाय 'आमच्याच ब्रँडचं वापरा' अशी अट कंपनी वॉरंटीला घालू शकत नाही. पण चुकीच्या ऑइलमुळे बिघाड झाला असं दिसलं तर तो दावा ती नाकारू शकते. म्हणून दुसरं ऑइल वापरलंत तर ते मॅन्युअलच्या दर्जाचं असल्याचा डबा आणि पावती जपून ठेवा. हा कायदा कॅनडात लागू नाही, तिथे प्रांतानुसार नियम बदलतात. आमचं मत विचाराल तर वॉरंटी संपेपर्यंत कंपनीचंच वापरा. वाचणारे पैसे वादाच्या मानाने क्षुल्लक आहेत.

२२. भाड्याच्या स्लेडमध्ये दिवा लागला तर?

काही टाकू नका. थांबा, भाड्याने देणाऱ्याला फोन करा. यलोस्टोनसारख्या ठिकाणी स्लेड बहुधा फोर-स्ट्रोक आणि सोबत गाइड असतो, त्याला सांगा. स्वतः ऑइल टाकून इंजिन बिघडलं तर भरपाई तुमच्या माथी येते.

२३. गराजमध्ये पाच अर्धवट डबे पडलेत. सगळे एका कॅनमध्ये ओतून संपवू का?

एकाच ऑइलचे असतील आणि गेल्या एक-दोन वर्षांत उघडलेले असतील तर संपवा. वेगवेगळे असतील तर एकत्र ओतू नका, कारण मग त्या कॅनमध्ये काय आहे हे कुणालाच सांगता येणार नाही. जास्त जुने, झाकण सैल राहिलेले डबे संशयित धरा. एस्टर असलेलं सिंथेटिक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. डबा उजेडात धरा: दुधाळ दिसलं किंवा तळाशी गाळ असेल तर वापरू नका. चांगलं पण स्लेडला नको असलेलं टू-स्ट्रोक ऑइल, त्याचा दर्जा जुळत असेल तर, चेनसॉ किंवा ट्रिमरच्या पेट्रोलमध्ये वापरता येतं. बाकीचं गावाच्या घातक कचरा केंद्रावर किंवा वापरलेलं ऑइल स्वीकारणाऱ्या ऑटो पार्ट्सच्या दुकानात द्या. पाणी किंवा कूलंट मिसळलेलं असेल तर ते वेगळ्या डब्यात न्या आणि तसं सांगा, नाहीतर ते परत पाठवतात.